गिरणा ते पांझरा : डोळ्यातील गाठीचा रस्ता

जळगावहून धुळ्याला जाणारा महामार्ग खानदेशातील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. जळगाव सोडले की बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. पुढे पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावे मागे टाकीत सुमारे ९० किलोमीटरवर पांझरेच्या काठचे धुळे येते. लग्नकार्ये, बाजार, न्यायालयाच्या तारखा, मुलांच्या परीक्षा, सारे याच रस्त्याने चालते. रुग्णही याच रस्त्याने ये-जा करतात. कोणी जळगावकडे, कोणी धुळ्याकडे, आणि आजार मोठा असेल तर तेथून पुढे मुंबईकडे.

या अंकात तुम्हाला याच रस्त्याने सोबत न्यावे असा मानस आहे. विषय आहे डोळ्याच्या कर्करोगाचा. हा आजार विरळा आहे. सर्वसाधारण व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरसमोर वर्षभरात लाल झालेले डोळे, रांजणवाड्या आणि मोतीबिंदू शेकड्यांनी येतात. त्यांत कर्करोग क्वचितच असतो. विरळा असल्यामुळेच तो ओळखायला वेळ लागतो. या रोगावरील मोठे संशोधन मुंबई, हैदराबाद, चेन्नई किंवा परदेशातील शहरांत होते. परंतु त्याचा लाभ आपल्या माणसाला मिळणार की नाही, हे पुष्कळदा गावातील घर ते जिल्ह्याचे ठिकाण एवढ्या टप्प्यातच ठरून जाते. त्या टप्प्यात कुटुंबाने काय पाहावे, डॉक्टरांकडे काय मागावे आणि काय जपून ठेवावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आखाजी आणि नातवंडाचा डोळा

आखाजीला खानदेशातील लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, घरोघरी आंब्याचा रस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. आजी-आजोबांना नातवंडे पुष्कळ दिवसांनी मांडीवर मिळतात. या दिवसांत वडीलधाऱ्यांनी एक काम आवर्जून करावे. सायंकाळच्या अंधुक उजेडात बाळ समोर असताना त्याच्या दोन्ही डोळ्यांतील बाहुल्या निरखून पाहाव्यात. बाहुली काळीभोर दिसली पाहिजे. ती पांढरट, पिवळसर किंवा मांजराच्या डोळ्यासारखी चमकती दिसली, तर ती गोष्ट मनात ठेवू नये. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या छायाचित्रात एक बाहुली लाल आणि दुसरी वारंवार पांढरी येत असेल, तर तीही खूणच समजावी. कधी कधी छायाचित्राच्या कोनामुळेही असे दिसते, हे खरे. परंतु तो निर्णय घरी न करता नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावा. नव्याने आलेला तिरळेपणा ही दुसरी खूण. 'तिरळा डोळा भाग्याचा' किंवा 'मोठा झाला की सुटेल' असे म्हणून तो अंगावर काढू नये.

या खुणांमागे दरवेळी कर्करोगच असतो असे नाही. जन्मजात मोतीबिंदूमुळेही बाहुली पांढरी दिसते. परंतु ज्या रोगाची भीती धरावी, त्याचे नाव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आतल्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, उद्भवणारा हा लहान मुलांचा कर्करोग आहे. सुमारे १५ ते १८ हजार जन्मलेल्या बालकांमागे एकाला तो होतो आणि बहुतेक मुलांत पाचव्या वर्षाच्या आत दिसून येतो. वेळेवर उपचार झाले तर हा लहान मुलांच्या कर्करोगांतील सर्वाधिक बरा होणाऱ्या रोगांपैकी एक आहे. सधन देशांत ९५ टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. आपल्याकडे जी मुले दगावतात, त्यांच्या बाबतीत उशीर हे प्रमुख कारण असते. कर्करोग डोळ्याच्या आत आहे तोवर बाजी आपल्या हाती असते. तो डोळ्याबाहेर, मज्जातंतूवाटे मेंदूकडे गेला की लढाई फार अवघड होते.

उपचारांत औषधे म्हणजे केमोथेरपी, लेझर, अतिशीत उपचार आणि गरज पडल्यास डोळा काढणे यांचा समावेश होतो. डोळा काढण्याच्या सल्ल्यापाशी अनेक कुटुंबे थांबतात. माझ्या पाहण्यात अशा एका घरातील आजी आहेत. दोन वर्षांच्या नातवाच्या डोळ्यातील चमक प्रथम त्यांनाच दिसली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळा काढावा लागेल असे सांगितल्यावर घरातील पुरुषमंडळी बाळाला घेऊन गावी परतली. कोणी झाडपाला सुचवला, कोणी वर्षभर थांबू म्हणाले. पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. अखेर आजींनीच निकाल दिला : "डोया गया ते गया, पन पोऱ्या वाचना पाहिजे." अहिराणीतील त्या एका वाक्यावर मंडळी पुन्हा गाडीत बसली. तो मुलगा आज शाळेत जातो आणि एका डोळ्याने क्रिकेटही खेळतो. तुमच्या घरावर अशी वेळ आली, तर निर्णय घेणाऱ्या माणसांत तुम्हीच वयाने वडील असाल. तुमच्या शब्दाला तेथे वजन आहे, हे ध्यानात असू द्यावे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शरीरातील बहुतेक गाठींचा तुकडा काढून तपासावा लागतो. लहान मुलाच्या डोळ्यातील या गाठीला मात्र सुई लावीत नाहीत, कारण त्यामुळे रोग डोळ्याबाहेर पसरू शकतो. तिचे निदान भूल देऊन केलेली डोळ्याची तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांवरूनच होते. म्हणून हे काम या रोगाचा अनुभव असलेल्या केंद्रातच व्हावे. बाळाच्या डोळ्यात मध, तूप, एरंडेल किंवा कोणताही रस घालू नये. त्याने डोळा लाल होतो, खरी खूण झाकली जाते आणि दिवस वाया जातात.

गिरणाकाठचे ऊन

गिरणेचा पूल ओलांडताना दोन्ही अंगांना शेती दिसते. केळी, कापूस, मका आणि त्यांत वर्षानुवर्षे उन्हात राबणारी माणसे. जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. या उन्हाचा आणि धुळीचा डोळ्यावर परिणाम होतो. पांढऱ्या बुबुळावर, बहुधा नाकाच्या बाजूने, एक गुलाबी पातळ पापुद्रा हळूहळू काळ्या भागावर सरकतो. आपण त्याला 'डोळ्यात मांस वाढले' म्हणतो. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो.

परंतु त्याच जागी, त्याच रूपात, डोळ्याच्या पृष्ठभागाचा कर्करोगही सुरू होऊ शकतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. साधे मांस वर्षांच्या हिशेबाने वाढते. कर्करोगाची वाढ महिन्यांच्या हिशेबाने होते. ती उंचवटा घेते, पांढरट खरबरीत दिसते, तिच्याकडे जाड रक्तवाहिन्या येताना दिसतात, डोळा सतत लाल राहतो. शेतात काम करणाऱ्या साठीपुढच्या माणसाच्या एकाच डोळ्यातील मांस असे बदलू लागले, तर थेंब बदलत बसू नये. हाच रोग तरुण माणसाला झाला, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात. त्यात अपमान मानू नये, कारण प्रतिकारशक्ती कमी असताना हा रोग अधिक होतो आणि दोन्ही आजारांवर उपचार आहेत.

लवकर आलेल्या रुग्णात ही वाढ पूर्ण काढून टाकता येते. काही रुग्णांत विशिष्ट औषधी थेंबांनीच ती विरघळते. उशीर झाला तर डोळा आणि कधी डोळ्याची खोबणही गमवावी लागते. प्रतिबंध साधा आहे : रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला रुमाल, आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा. केवळ गडद काचेचा स्वस्त चष्मा उपयोगी नाही. काच अतिनील किरण अडवते की नाही, हे चष्म्याच्या दुकानात तपासून घेता येते.

एरंडोल-पारोळ्याच्या टप्प्यात : पुन्हा पुन्हा येणारी रांजणवाडी

एरंडोल, पारोळा, धरणगाव, अमळनेर अशा तालुक्याच्या गावांत आता खासगी दवाखाने आहेत, शासकीय रुग्णालये आहेत, मोतीबिंदूची शिबिरे होतात. पापणीवरची बारीक गाठ येथेच दाखवली जाते आणि येथेच काढली जाते. ज्येष्ठ वाचकांसाठी या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा याच टप्प्यावर आहे.

पापणीच्या आत तेल स्रवणाऱ्या बारीक ग्रंथींची रांग असते. एखादी ग्रंथी तुंबली की गाठ येते. उबदार शेक दिला की ती बहुधा बसते, न बसल्यास छोटा छेद देऊन साफ करतात. हा नेहमीचा प्रकार आहे. परंतु याच ग्रंथींतून एक कर्करोगही निघतो, त्याचे नाव सेबेशियस कार्सिनोमा. पाश्चात्य देशांत पापणीच्या कर्करोगांत तो थोड्याच जणांना होतो. तेथे बेसल सेल नावाच्या प्रकाराचे प्राबल्य असते. भारतातील मोठ्या नेत्ररुग्णालयांच्या नोंदींत मात्र सेबेशियस कार्सिनोमाचे प्रमाण बेसल सेलच्या बरोबरीचे किंवा त्याहूनही अधिक आढळले आहे. परदेशी पुस्तकात जो विरळा म्हणून एका परिच्छेदात संपतो, तो आपल्याकडे पापणीची गाठ तपासताना पहिल्या शंकांपैकी एक असला पाहिजे.

हा रोग वेषांतर करण्यात पटाईत आहे. तो रांजणवाडीसारखा दिसतो, कधी पापण्यांच्या कडा सुजल्यासारखा, कधी बरा न होणाऱ्या डोळे येण्यासारखा. ओळखण्याच्या खुणा अशा : गाठ एकाच जागी पुन्हा पुन्हा येणे, तेथील पापणीचे केस गळून जाणे, गाठीला पिवळसर झाक असणे, पापणीची कड जाड व वेडीवाकडी होणे, एकाच डोळ्याची लाली महिनोन् महिने टिकणे, कानापुढे किंवा जबड्याखाली गाठ हाताला लागणे. साठीच्या पुढे, विशेषतः वरच्या पापणीवर, यांपैकी काही दिसल्यास साधी रांजणवाडी असे समजून थांबू नये. वेदना नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. हा रोग बराच काळ दुखत नाही.

आता मागावयाची गोष्ट. पापणीवरची गाठ काढली की ती कचऱ्याच्या बादलीत जाऊ देऊ नका. ती तपासणीसाठी पाठवायला सांगा. विशेषतः गाठ दुसऱ्यांदा आलेली असेल, तर हा आग्रह सोडू नका. काढलेला तुकडा फॉर्मलिन नावाच्या द्रावात, तुकड्याच्या सुमारे दहापट द्राव असलेल्या रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवतात. पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो. बाटलीवर रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि कोणत्या डोळ्याची कोणती पापणी हे लिहिलेले असावे. ती बाटली जळगाव किंवा धुळ्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवणे हे घरातील तरुण माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. अहवाल यायला बहुधा आठवडा लागतो.

तालुक्याच्या गावातील एका निवृत्त शिक्षिकेची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. एकाच पापणीवर तिसऱ्यांदा गाठ आली होती. त्या स्वतः म्हणत होत्या, "अहो, या वयात कोण एवढे पाहतो? कापून टाका म्हणजे झाले." सोबत आलेल्या सुनेने मात्र डॉक्टरांना नम्रपणे विचारले की ही गाठ तपासायला पाठवता येईल का. अहवालात सेबेशियस कार्सिनोमा निघाला. मग मुंबईत, गाठीच्या कडा तपासत, रोग पूर्ण निघाल्याची खात्री करीत शस्त्रक्रिया झाली आणि पापणी नव्याने बांधली गेली. बाईंचा डोळा शाबूत आहे, दृष्टीही आहे. चौथ्या गाठीची वाट पाहिली असती तर काय झाले असते, हे सांगण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

धुळे : कागद जपणारे गाव

फागणे मागे पडले की धुळे जवळ येते. या गावाची एक ओळख आपण विसरू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे, पत्रे, बाडे गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे देहावसान धुळ्यातच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचा संग्रह जपला. कोणाच्या माळ्यावरचा निरुपयोगी वाटणारा कागद पुढे इतिहासाचा पुरावा ठरतो, हे धुळेकरांना वेगळे शिकवावे लागत नाही.

डोळ्याच्या कर्करोगाचे संशोधनही अशाच कागदांवर उभे आहे. १९७१ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आल्फ्रेड नुडसन या डॉक्टरांनी रेटिनोब्लास्टोमा झालेल्या ४८ मुलांचे जुने रुग्णपत्रक तपासले. कोणाला एका डोळ्यात रोग झाला, कोणाला दोन्ही डोळ्यांत, कोणत्या वयात, घरात आणखी कोणाला होता, एवढ्याच नोंदी. त्यांवरून त्यांनी अनुमान काढले की हा रोग होण्यासाठी पेशीत एकामागून एक असे दोन आघात व्हावे लागतात. काही मुलांत पहिला आघात जन्मतःच असतो. म्हणून त्यांना रोग लहान वयात आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. पुढे १९८६ मध्ये यामागील आरबी-१ हे जनुक सापडले. कर्करोगाला रोखून धरणारी जनुके शरीरात असतात, या आजच्या समजुतीचा पाया त्या ४८ पत्रकांनी घातला.

या शोधाचा व्यवहारातील उपयोग तुमच्या घरापर्यंत येतो. एका बाळाला रेटिनोब्लास्टोमा झाला असेल, तर त्याच्या भावंडांचे डोळेही तपासावे लागतात. आनुवंशिक प्रकार असेल तर ते मूल मोठे झाल्यावर त्याच्या प्रत्येक अपत्याला हा दोष जाण्याची शक्यता निम्मी असते आणि त्या अपत्याची तपासणी जन्मापासून करावी लागते. म्हणून 'बरा झाला, आता कागद कशाला' असे म्हणून फाइल जाळू किंवा रद्दीत घालू नये. ती फाइल त्या मुलाच्या लग्नानंतरही लागणार आहे.

आणखी एक मोठी नोंद पाहा. २०१७ या एका वर्षात १५३ देशांतील ४,३५१ नव्या रुग्णबालकांची माहिती एकत्र करण्यात आली. तीत असे दिसले की सधन देशांत निदानाचे मध्यम वय सुमारे १४ महिने होते, तर सर्वांत गरीब देशांत सुमारे ३० महिने. सधन देशांत शंभरातील एक-दोन मुलांतच रोग डोळ्याबाहेर पसरलेला होता; सर्वांत गरीब देशांत हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. रोग तोच, औषधेही बहुतेक तीच. दोन्हीकडच्या मुलांत सुमारे सोळा महिन्यांचे अंतर पडले होते.

धुळ्यात चक्करबर्डी परिसरात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जळगावात कांताई नेत्रालयासारखे नेत्ररुग्णालयही आहे. बाहुल्या मोठ्या करून पडद्याची तपासणी, डोळ्याची सोनोग्राफी, तुकड्याची तपासणी यांसाठी आता पहिल्याच दिवशी मुंबई गाठण्याची आवश्यकता नाही. मोतीबिंदू पूर्ण पिकलेला असेल तर त्याच्यामागचा पडदा दिसत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी केली आहे का, हे ज्येष्ठांनी अवश्य विचारावे. पूर्वी स्तनाचा किंवा फुफ्फुसाचा कर्करोग होऊन गेला असेल आणि आता एका डोळ्याने धूसर दिसू लागले असेल, तर तो जुना आजार नेत्रतज्ज्ञांना आपणहून सांगावा, कारण अशा कर्करोगाच्या पेशी डोळ्यातही येऊन बसू शकतात.

फाइल कशी असावी? पहिल्या दिवशीची चिठ्ठी तारखेसह सर्वांत खाली आणि पुढचे कागद तारखेच्या क्रमाने वर. सोनोग्राफी व एमआरआयची चित्रे किंवा सीडी. तुकड्याच्या तपासणीचा अहवाल. चालू असलेल्या रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी. मोठ्या केंद्रात जाताना केवळ अहवाल पुरत नाही. तेथील तज्ज्ञ तुकडा स्वतः पुन्हा पाहू इच्छितात. त्यासाठी प्रयोगशाळेतून मेणाचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात.

धुळ्यापुढे मुंबई

निदान झाल्यावर पुढचा प्रवास बहुधा मुंबईचा असतो. जळगाव मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे. धुळ्याहून चाळीसगावचा फाटा त्याच मार्गाला जाऊन मिळतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचे काम करीत आहे. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथेही डोळ्याच्या कर्करोगावर उपचार होतात.

मुंबईच्याच तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. डोळ्याच्या आतील काही गाठींवर किरणोत्सारी तबकडी डोळ्याच्या बाहेरून, गाठीच्या नेमक्या जागी टाके घालून बसवतात आणि काही दिवसांनी काढून घेतात. तिचे किरण काही मिलिमीटरच आत जातात, त्यामुळे बाकीचे शरीर सुरक्षित राहते. या तबकड्या पूर्वी परदेशातून आणाव्या लागत. भाभा केंद्राने अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनाच्या अवशेषांतून रुथेनियम-१०६ मिळवून देशी तबकडी तयार केली आणि ती आता आपल्या रुग्णालयांत वापरली जाते.

अशा उपचाराने डोळा ठेवला तर जीवाला धोका वाढतो का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दिले. डोळ्यातील मध्यम आकाराच्या मेलानोमा या कर्करोगाचे १,३१७ रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाचा डोळा काढला, दुसऱ्याला आयोडीनची किरणोत्सारी तबकडी बसवली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील जगण्याचे प्रमाण सारखेच आढळले. मेलानोमा आपल्याकडे पाश्चात्यांच्या मानाने कमी होतो. परंतु गाठ लहान असताना आलेल्या रुग्णाला डोळा वाचवण्याचा पर्याय विचारण्याचा हक्क आहे, हे या अभ्यासामुळे ठामपणे सांगता येते.

खर्चाच्या धास्तीने प्रवास अडू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये आपल्या जुन्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधारपत्र घेऊन प्रथम चौकशी करावी. ७० वर्षांवरील नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता सामावून घेतले आहे. एसटीत ७५ वर्षांवरील प्रवाशांना भाडे पडत नाही आणि ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना व महिलांना निम्मे पडते. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर व थ्री-एसी डब्यात भाडे माफ असते आणि सोबत्याला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. निघण्यापूर्वी चौकशी मात्र करावी.

घरी आल्यावर

एक डोळा गेलेल्या माणसाला अंतराचा अंदाज येत नाही. जिन्याची शेवटची पायरी चुकते, चहा कपाबाहेर सांडतो, रस्ता ओलांडताना एका बाजूची गाडी दिसत नाही. हे काही महिन्यांत सवयीने बरेच सुधारते. तोवर जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना रंगीत पट्टी लावावी, कप टेकवून मगच ओतावे, चालताना सोबत्याने त्याच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूने राहावे आणि जेवताना माणसे दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूस बसवावीत. जखम भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, मापाचा कृत्रिम डोळा बसवता येतो. उरलेल्या डोळ्याचे रक्षण करण्यासाठी नंबर नसला तरी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा कायम वापरावा. पुढील तपासणीच्या तारखा दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात. हा रोग परत येतो तेव्हा तो बहुधा अशा चुकवलेल्या तारखांमध्येच वाढतो.

त्याच्या मनाचाही विचार करावा. पाहुण्यांसमोर त्याच्या डोळ्याची कहाणी पुन्हा पुन्हा सांगू नये. लहान मूल असेल तर शाळेतील बाईंना आधी भेटून सांगावे, म्हणजे वर्गातील चिडवणे आटोक्यात राहते.

वाचकहो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी आरशासमोर चांगल्या उजेडात उभे राहा. दोन्ही पापण्यांच्या कडा पाहा, केस गळलेली जागा आहे का ते पाहा, पांढऱ्या भागावर नवा डाग किंवा उंचवटा आहे का ते पाहा. मग घरातील लहान बाळाच्या बाहुल्या पाहा. शंका आली तर याच आठवड्यात जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना सोबत एक साधी फाइल घ्या. तिच्यातील पहिल्या कागदावर आजची तारीख लिहा.